चौतीस नियम आणि एक लाल विमान

आमच्या विमान क्लबाचे सुरक्षेचे नियम मी लिहिलेत. हे मी हल्ली आपण होऊन कुणाला सांगत नाही. ऐकणारा आधी सभ्यपणे मान हलवतो, मग जरा थांबतो आणि विचारतो, "अच्छा, म्हणजे तो तूच का?" हो, तो मीच. नेलिदो बेर्तोत्सी. नोटरीच्या कचेरीत सव्वीस वर्षं नोकरी, दृष्टी दहापैकी दहा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ही खेळण्यातली विमानं नव्हेत. तसं आमच्या मैदानावर येऊन म्हणून बघा, रविवारच्या निखाऱ्यावरच्या मांसातला तुकडासुद्धा तुमच्या पानात पडणार नाही. दीड-दोन मीटर पंखांची, हलक्या लाकडाच्या पट्ट्या जोडून केलेली, खरं इंजिन असलेली विमानं असतात. माणसानं जमिनीवर उभं राहायचं, हातात रेडिओचा डबा धरायचा, दोन अंगठ्यांनी दोन दांड्या हलवायच्या आणि विमानानं वर ऐकायचं. माझं विमान ऐकतं, पण माझ्या बायकोसारखं. म्हणजे ऐकून घेतं आणि आपल्याला हवं तेच करतं.

सगळं सुरू झालं ते ढोल्या तोमासिनीमुळं. हा आमचा खाटीक. त्याचं विमान हवेत असताना काडीनं त्याच्यापुढं माते, म्हणजे आमच्याकडचा कडू पाल्याचा चहा, असा पेला भरून धरला. काडी म्हणजे आमचा सगळ्यात सडपातळ सभासद, आणि माते पाजण्याचं खातं कायमचं त्याच्याकडं. आता आमच्या पुएर्तो सेरेनो गावात कुणी प्रेमानं पुढं केलेला माते नाकारणं म्हणजे त्याच्या आईबद्दल वाईटसाईट बोलण्यासारखंच. तोमासिनीनं डावा हात सोडला, पेला घेतला, दोन घोट मारले, "पाणी जरा गार झालंय" असं मतही दिलं. तोवर विमान शेजारच्या ओफेलियाबाईंच्या खुराड्यात शिरलं होतं. कोंबडी एकही मेली नाही. पण त्यानंतर दोन आठवडे एकीनंही अंडं दिलं नाही, आणि ओफेलियाबाई ती तक्रार घेऊन नगरपालिकेत गेल्या.

नगरपालिकेचं पत्र आलं. पंधरा दिवसांत सुरक्षेचे लेखी नियम सादर करा, त्यानुसार तपासणी होईल, नापास झालात तर मैदानाच्या फाटकाला टाळं. आमचे अध्यक्ष डॉक्टर वायगांत हे दातांचे डॉक्टर असल्यामुळं वाईट बातमी शांतपणे सांगण्याची त्यांना सवय आहे. त्यांनी पत्र वाचून दाखवलं, चष्मा काढला आणि माझ्याकडं बघितलं. मग सगळ्यांनीच माझ्याकडं बघितलं.

"बेर्तोत्सी, तू नोटरीकडं आहेस. कुणाला न कळणारं लिहायची तुला सवय आहे," डॉक्टर म्हणाले.

मला हा मान वाटला. घरी येऊन बायकोला, इर्माला, सांगितलं तर ती कांदा चिरता चिरता म्हणाली, "क्लबात सगळ्यात वाईट विमान कोण उडवतं?"

"तसं म्हटलं तर मीच."

"आणि नियम कोण लिहिणार?"

"मी."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा कांद्याकडं वळली. तिचं हे 'बरं' मी सव्वीस वर्षं ऐकतोय आणि अजून मला त्याचा अर्थ लागलेला नाही.

पहिला मसुदा एका पानाचा होता. नऊ नियम. चालू पंख्याजवळ बोट नेऊ नये, माणसांच्या डोक्यावरून उडवू नये, असे साधे, सोज्वळ नियम. मी तिथंच थांबलो असतो तर आज गावात मान वर करून फिरलो असतो. पण मी हात दाखवून अवलक्षण केलं. चार लोकांना मसुदा वाचून दाखवला.

माणूस नियम सुचवतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कायम कुणीतरी एक माणूस असतो, हे मला तेव्हा कळलं. "मैदानावर शिट्टी वाजवू नये" हा नियम तोमासिनीनं डॉक्टरांसाठी सुचवला. "कच्चं मांस विमानाच्या खोक्यात ठेवू नये" हा डॉक्टरांनी तोमासिनीसाठी सुचवला. न्हाव्याकडं दाढीला बसलो होतो, तर तो म्हणाला, "विजेचं काही टाकलंस का?" न्हाव्याचा आमच्या क्लबाशी काडीचा संबंध नाही. पण वस्तरा माझ्या गळ्यावर होता, म्हणून विजेचे दोन नियम आले. शेजारच्या पेन्शनरानं फुलपाखरांचा विचार करायला सांगितलं. तोही केला. नऊचे चौतीस झाले.

खरी लढाई मातेच्या नियमावर झाली. सभा डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत होती, कारण खुर्च्या तिथं होत्या. "उडवणाऱ्याच्या दहा मीटर परिसरात माते नको" असं मी वाचलं, आणि इंजिन, बॅटऱ्या, वीज यांवर तोंड न उघडलेली माणसं एकदम उभी राहिली.

"म्हणजे मी माणसाला तहानलेला ठेवू?" काडी कळवळून म्हणाला.

"दहा मिनिटं, काडी. फक्त विमान वर असेपर्यंत."

"माझ्या बापानं बुडत्या होडीत माते पाजलाय! कुणी नाही म्हणालं नाही!"

"आणि होडीचं काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बुडाली. पण माते सगळ्यांना पुरला."

शेवटी तडजोड झाली. मजकूर असा: विमान हवेत असताना माते देणाऱ्यानं 'माते!' अशी खणखणीत हाळी द्यावी आणि उडवणाऱ्यानं त्याच्याकडं वळून, नजरेला नजर देऊन, 'उतरल्यावर' असं सांगावं. नजरेला नजर न देता नाही म्हणणं हा अपमान, यावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं. ठराव एका मताच्या फरकानं पास झाला. ते एक मत गालाला रुमाल बांधून कोपऱ्यात बसलेल्या एका गृहस्थांचं होतं. त्यांनी हात वर केला होता तो आपला नंबर कधी येणार हे विचारायला, हे मतमोजणीनंतर लक्षात आलं.

या धुमश्चक्रीत बारावा नियम कुणीच ऐकला नाही. ऐकला असता तर बरं झालं असतं. "उडवणाऱ्यानं नजर चांगली असल्याचा डॉक्टरी दाखला जवळ बाळगावा." हा मी वाहन परवान्याच्या फॉर्मवरून उतरवला होता, निव्वळ कचेरीतल्या सवयीनं. माझ्या डोळ्यांसमोर कुणीही नव्हतं, शपथेवर सांगतो. पण सभा संपल्यावर सगळे उठले आणि आन्सेल्मो मास्तर मात्र टोपी मांडीवर ठेवून बसून राहिले, तेव्हा तो नियम कुणाला लागणार ते मला कळलं.

मास्तर ब्याऐंशी वर्षांचे. जन्मभर अ‍ॅकॉर्डियन दुरुस्त केले, सूर लावून दिले. क्लबातल्या प्रत्येकाला उडवायला त्यांनी शिकवलं. मलाही त्यांनीच शिकवलं, आणि माझ्याबद्दल त्यांना कुणी दोष देत नाही. दोन वर्षांपासून त्यांची दृष्टी गेली होती. सगळी नाही, मधली.

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या कारखान्यात गेलो, तोवर डॉक्टरांनी नियम नगरपालिकेत देऊनही टाकले होते. टेबलावर नवं विमान होतं, लाल. तीन हिवाळे ते त्यावर काम करत होते. निम्मं बोटांनी चाचपून केलं होतं, तरी एक सांधा वाकडा नव्हता.

"बारावा नियम वाचून घेतला," मास्तर म्हणाले. "भाषा चांगली आहे तुझी."

"मास्तर, माझ्या खरंच ध्यानात आलं नाही हो."

"तुझं काय चुकलं? दिसत नाही त्याच्या हाती विमान देऊ नये, बरोबरच आहे. आता तुझ्याकडं बघतोय, तर तुझे दोन्ही कान दिसतात, तोंड दिसत नाही. तसा काही तोटा नाही म्हणा."

"मग तुम्ही उडवता कसं?"

"कानानं. येतंय तेव्हा इंजिनाचा सूर चढतो, जातंय तेव्हा उतरतो. वळलं की वारा वेगळा बोलतो. अख्खा जन्म सूर ऐकण्यात गेला, एवढं कळणार नाही?" त्यांनी पंखावरून हात फिरवला. "एकदा हे वर जाऊ दे, नेलिदो. एकदाच. मग मी भिंतीला टांगून ठेवतो, मला काही म्हणायचं नाही."

कानानं विमान उडवता येतं यावर माझा विश्वास बसला नाही. पण मला लाज वाटली, फार वाटली. ज्या माणसानं मला दांडी कशी धरायची ते शिकवलं, त्याचे हात मी एका ओळीत बांधून टाकले होते.

तसाच नगरपालिकेत गेलो. खिडकीत नोएमीबाई होत्या.

"आमच्या नियमांतला एकच नियम काढायचाय. बारावा."

"काढता येतो की. दुरुस्तीचा अर्ज करा."

"द्या अर्ज."

"तो मैदान मंजूर झाल्यावरच करता येतो."

"आणि मंजूर कधी होईल?"

"तपासणीत पास झालात की."

"तपासणी कशावर?"

"या नियमांवर. बाराव्यासकट. शिक्का बसलाय ना." त्यांनी शिक्का दाखवला. तो खरंच बसला होता.

"अहो, पण आमचे एक गृहस्थ आहेत, त्यांना दिसत नाही, ऐकू मात्र फार चांगलं येतं."

नोएमीबाईंनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. त्यांची इच्छा होती, हे मान्य केलं पाहिजे. "कानांचा रकाना नाही हो," त्या म्हणाल्या.

डोळ्यांचा डॉक्टर महिन्यातून एकदा नदीपलीकडून यायचा. त्याच्याकडं क्लबातल्या तिघांचाच नंबर लागला: डॉक्टर वायगांत, काडी आणि मी. मला दहापैकी दहा मिळाले. आयुष्यात पहिल्यांदाच कशात तरी पैकीच्या पैकी मिळाले होते, म्हणून तो दाखला मी प्लॅस्टिकमध्ये घालून गळ्यात अडकवला. शिवाय नियम लिहिणारा म्हणून मला सुरक्षा अधिकारी नेमलं आणि एक नारिंगी जाकीट दिलं. जाकीट तोमासिनीच्या मापाचं होतं. "लांबून बघितलं तर रस्त्याचं काम चालू आहे असं वाटतं," इर्मा म्हणाली.

तपासणीच्या रविवारी इन्स्पेक्टर किरोस आले. त्यांचं नेहमीचं काम दुकानदारांचे तराजू तपासण्याचं आणि मोकाट कुत्र्यांचं. ते माझ्या विमानाभोवती दोनदा फिरले. मला वाटतं, ते पारडं शोधत होते. मग त्यांनी नियमांची वही उघडली.

"एकोणिसावा. हवेत एका वेळी दोन विमानं असल्यास त्यांच्यात पन्नास मीटर अंतर ठेवावं. दाखवा."

दाखवा म्हणजे दोन विमानं वर गेली पाहिजेत, दाखलेवाल्यांची. डॉक्टर वायगांतांना ऐनवेळी एका मोठ्या माणसाच्या दाढेनं बोलावून नेलं होतं. काडीचं इंजिन सुरू होईना, म्हणून तो पुन्हा आपला मातेकडं वळला होता. उरलो मी एकटा.

"हे काय, हे तयारच आहे की," किरोससाहेब म्हणाले. मास्तरांनी आपलं लाल विमान नुसतं दाखवायला म्हणून आणून गवतावर ठेवलं होतं. "हे कुणाचं?"

"माझं," मास्तर म्हणाले.

"सुरक्षा अधिकारी, यांचा दाखला तुम्ही पाहिलात ना?"

सव्वीस वर्षांच्या नोकरीत न पाहिलेल्या कागदाला मी पाहिला म्हटलेलं नाही. पण मास्तर विमानाच्या शेपटीवरून हात काढत नव्हते.

"पाहिला," मी म्हणालो.

आता हे ध्यानात घ्या की माझं विमानही लाल होतं. क्लबानं पंखांवर चढवायचा लाल कागद ठोकात आणला होता आणि माझं विमान मास्तरांच्याच जुन्या नकाशावरून केलेलं होतं. फरक इंजिनाचा. त्यांचं घोगरं, माझं किरकिरं. हा फरक कुणालाही कळेल. म्हणजे मी सोडून कुणालाही.

दोन्ही विमानं वर गेली. माझ्या अंगठ्यांना घाम आला होता, पण विमान सरळ होतं. दोघांत चांगलं शंभर मीटर अंतर होतं. किरोससाहेब वहीत बरोबरच्या खुणा करत होते. आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागून नियमाप्रमाणं खणखणीत हाळी आली.

"माते!"

मी वळलो. नियम माझाच होता. नजरेला नजर दिली. "उतरल्यावर," मी म्हणालो.

"साखर घातलीय खास तुझ्यासाठी," काडी म्हणाला.

"उतरल्यावर, काडी."

परत मान वर केली तर आकाशात एक लाल विमान होतं. दुसरं कुठं गेलं, असा विचार माझ्या मनात आला आणि लगेच गेलाही, कारण समोर होतं त्याकडं लक्ष देणं जास्त निकडीचं होतं. मी दांडी डावीकडं दाबली. विमान डावीकडं गेलं. जरा उशिरा गेलं, पण माझं विमान कधी वेळेवर जात नाहीच. उजवीकडं दाबली, तर ते सरळच वर चढलं, पाठीवर झालं आणि मोठं गोल वळण घेऊन अलगद खाली आलं. हे मी कसं केलं ते मला कळेना. पण अंगठ्याला कळत असेल, असं मी धरून चाललो. मास्तर नेहमी म्हणायचे की एक दिवस हात आपोआप शिकतो. आला तो दिवस, मला वाटलं. माझे डोळे भरून आले.

"वा!" किरोससाहेब म्हणाले.

मी नम्रपणे मान झुकवली. विमान फेरी घेऊन आलं, गवताला टेकलं, चार हात धावलं आणि थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जाकिटात माझी छाती पहिल्यांदा नीट भरली. मग इंजिन बंद झालं, आणि माझा अंगठा तर अजून दांडी पुढं दाबून होता.

मी दांडी मागं घेतली. पुढं केली. विमान ढिम्म. मैदानावर सगळीकडं शांतता होती, आणि लांब कुठंतरी, नदीच्या दिशेनं, एक किरकिरा आवाज बारीक होत चालला होता.

"आणि दुसरं विमान?" किरोससाहेबांनी विचारलं. त्यांनी वहीची पानं उलटली. "एकतिसावा. विमान ताब्यातून सुटल्यास उडवणाऱ्यावर कायमची बंदी. आजोबा, तुमचं विमान कुठं गेलं?"

मास्तर माझ्यापासून तीन पावलांवर उभे होते. त्यांना सगळं कळलं होतं, कान त्यांचेच होते. त्यांनी डबा खाली ठेवला.

"गेलं साहेब," ते म्हणाले. "म्हातारपण. या पोरांचं मैदान तेवढं राहू द्या."

मी पन्नाशीचा आहे, पण त्या क्षणी मी पोरच होतो. गप्प बसलो असतो तर मैदान वाचलं असतं, माझी अब्रू वाचली असती आणि त्या सुंदर वळणाची आठवण गावानं माझ्या नावावर ठेवली असती. मास्तरांच्या नावावर बंदी आली असती. तीन हिवाळ्यांचं विमान गवतावर उभं होतं आणि त्याचा मालक ते माझ्या पदरात घालायला निघाला होता. मला इतकं वाईट वाटलं की पिळता पिळता जाकिटाचं बटण तुटून हातात आलं.

"साहेब, ते उतरलं ते यांचं," मी म्हणालो. "नदीकडं गेलं ते माझं. मी मघापासून यांचं विमान उडवत होतो. म्हणजे उडवत नव्हतो. बघत होतो."

"म्हणजे?"

"मला वाटलं, ते माझंच आहे."

तोमासिनीनं कपाळावर हात मारला. त्याला दुसऱ्या मिनिटालाच कळलं होतं, पण मी एवढा खूष दिसत होतो की कुणाला सांगवेना, असं त्यानं नंतर सांगितलं.

किरोससाहेबांनी माझ्या गळ्यातला दाखला हातात घेतला. "दहापैकी दहा," त्यांनी वाचलं. मग मास्तरांना विचारलं, "तुमचा?"

"यांना दाखला नाही," मी म्हणालो. "मी खोटं सांगितलं. यांना मधलं काहीच दिसत नाही. हे कानानं उडवतात."

साहेबांनी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उभ्याउभ्याच वाचली. वीज होती, फुलपाखरं होती, शिट्टी होती. उडवणाऱ्यानं स्वतःच्या विमानाकडं बघावं असा नियम चौतिसांत कुठंच नव्हता. "दिसतं त्याला कळत नाही," ते पुटपुटले, "आणि कळतं त्याला दिसत नाही." तिकडं निखाऱ्यावर मांस करपायला लागल्याचा वास आला. साहेबांनी त्या दिशेला एकदा पाहिलं, पेन उघडलं आणि स्वतःच्या अक्षरात पस्तिसावा नियम लिहिला: श्री. बेर्तोत्सी व श्री. आन्सेल्मो हे दोघे मिळून एक वैमानिक समजावेत, एकाने दुसऱ्याशिवाय उडवू नये. खाली शिक्का मारला. मैदान मंजूर.

नगरपालिकेच्या दप्तरी मी आता अर्धा वैमानिक आहे. इर्मा म्हणते, ही बढतीच आहे.

माझं विमान सापडलं नाही. त्यामुळं दर रविवारी आम्ही दोघं मास्तरांचंच उडवतो. म्हणजे ते उडवतात आणि मी नियमाप्रमाणं शेजारी उभा असतो. पहिल्याच रविवारी विमान खूप उंच गेलं आणि मास्तर मान कलती करून, डोळे मिटून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "नेलिदो, मी ते एवढं केलं, पण वर गेलेलं कधी बघितलंच नाही रे. कसं दिसतंय?"

मी वर बघितलं आणि जमेल तसं सांगायला लागलो. पंख पसरून कसं निवांत तरंगतंय, कडांवर ऊन कसं पडलंय, वळताना एक पंख किती ऐटीत खाली झुकवतंय, सगळं सांगितलं. असं देखणं विमान मी जन्मात पाहिलं नाही, असंही म्हणालो, आणि ते खरं होतं.

मास्तर ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"छान सांगतोस," ते म्हणाले. "पण ती घार असणार. माझं विमान तुझ्या पाठीमागं आहे."